दोन श्वासांची जागा

भाऊसिंगजी रोडवरच्या रेडिओच्या दुकानासमोर अमीन थांबला तो थांबलाच. दिवस कलला होता. शिंप्याकडून बँडचा लाल कोट कमरेला सैल करून घेऊन तो घरी निघाला होता. कोट काखेत, आणि मनात काही म्हणजे काही नाही. दुकानदारानं दारातल्या स्टुलावर नवा रेडिओ मांडून मोठ्यानं लावला होता. आधी कळलं ते पायाला. चपलेतला अंगठा आपोआप दाबला गेला, सुटला, पुन्हा दाबला गेला. बुटाच्या आत कुणाला दिसू नये असा ताल धरायची ती जुनी खोड. मग कुठे कानाला उमगलं की हा तोच दुसरा भाग. चार भागांची ती लांबलचक विलायती सिंफनी, तिच्यातला हा संथ भाग त्यानं दरबारच्या बँडात बसून, राजवाड्याच्या हिरवळीवर, पाहुण्यांच्या मागे कुंड्यांच्या आडोशाला, किती वेळा वाजवला होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. "ओ पावणं," मागून टांगेवाला ओरडला, "घोड्याच्या तोंडात शिरताय व्हय? सरा की वाईच." अमीन सरला. गटारीच्या काठावर एक पाय वर एक पाय खाली असा उभा राहिला आणि जत्रेत सुटलेलं पोर शोधावं तसा त्या आवाजांच्या गर्दीत स्वतःला शोधू लागला.

कारण हे त्यानं कधी बाहेरून ऐकलंच नव्हतं. आत बसलेल्याला घराचं दार कसं दिसतं ते ठाऊक नसतं, तसं त्याचं झालं होतं. त्याच्या उजव्या कानाला कायम गणपतरावांची क्लॅरोनेट असायची, पहिली, फर्स्ट; गाणं तिच्याकडे. अमीनकडे दुसरी, सेकंड. गाण्याच्या खालून, दोन पायऱ्या अलीकडून, हाताला हात न लावता सोबत चालणारी. सारा बँड त्याला सेकंड अमीनच म्हणायचा. रेडिओत गाणं तर लख्ख येत होतं, पण ते सारंग्यांसारख्या कसल्याशा तारांवर येत होतं, शंभर माणसं एका गळ्यानं गात असावीत तसं, आणि त्याच्या खाली नुसता गुंजारव. त्यात आपली ओळ कुठली? ही का? की ही? त्याला वाटलं सापडली, आणि ती भलतीकडेच वळली. मग त्यानं शोधणं सोडलं आणि धीर धरला. पुढे ती जागा येणार होती. गाणं चढत चढत वर जातं आणि मधेच, काही आठवेनासं झाल्यासारखं, थांबतं. सगळं थांबतं. आणि त्या शांततेत दुसरी क्लॅरोनेट एकटी बोलते. पाच सूर, उतरत येणारे, दोन श्वासांत. मग पहिली पुन्हा बोलू लागते. एवढीच जागा. तिथे तरी तारा असोत की काही असो, कुणीतरी आपलं वाजवणारच. गाणं चढू लागलं. अमीनच्या ओठांनी आपोआप क्लॅरोनेटचं मुख धरल्यासारखं केलं. आणि दुकानातल्या माणसानं कळ फिरवली. खरखर झाली आणि कुणीतरी पिकांवरच्या किडीविषयी संथपणे बोलू लागलं.

तो पायरी चढून दुकानात गेला. ते मघाचं परत लावा की, म्हणाला. दुकानदारानं त्याच्याकडे, काखेतल्या लाल कोटाकडे पाहिलं. "ते रडगाणं व्हय? कुठनं लागलं हुतं कुणास ठावं. आता न्हाय घावायचं ते." आणि थोडं हसून म्हणाला, बँडवाल्यानं रेडिओ ऐकत उभं राहावं म्हणजे हलवायानं दुसऱ्याच्या दारात जिलबी खावी तसं झालं की. अमीनही हसला. हसल्याशिवाय तिथून निघता आलं नसतं.

घराकडे जाताना, पापाची तिकटी ओलांडताना, त्याच्या मनात एक भलतंच आलं. ती जागा खरंच होती का? की कुतिन्हो मास्तरांनी आपल्यापुरती घातली होती, रडक्या पोराच्या हातावर साखर ठेवावी तशी? दरबारच्या बँडाचे ते मास्तर गोव्याचे, अंगानं काटकुळे, पांढऱ्या हातमोज्यांचे. विलायती वाद्यमेळासाठी लिहिलेलं ते सगळं ते आपल्या हातानं बँडासाठी बेतून घेत. तारांचं काम क्लॅरोनेटांना देत, कुणाचं कुणाला. मग त्यांनी बेतताना घातलंही असेल. कागद त्यांनी बरोबर नेले. पुढे ते वारलेही. आणि नसेलच ती जागा मुळात, तर आपण इतकी वर्षं काय वाजवलं? खालची ओळ तर कुणाला ऐकूच येत नाही; आज आपल्यालाही आली नाही. उरले ते पाच सूर. तेही नसतील तर अमीन नावाच्या माणसाचा या जगात आवाजच झालेला नाही. हे त्याला अगदी शांतपणे सुचलं आणि मग ते जाईना.

मास्तर नीट समजावून सांगत. पहिला भाग म्हणजे स्वारी वेशीतून बाहेर पडते. दुसरा म्हणजे ती गेल्यावर मागे जो राहतो त्याचा. तिसऱ्यात नाच, चौथ्यात घोडे घरच्या वाटेला लागतात. चार भाग पण वस्तू एक. म्हणून मधे टाळी नाही. भाग संपला की मास्तर डावा हात खांद्याच्या उंचीवर धरून ठेवीत, पाहुण्यांना पाठमोरेच. साहेबलोकांना ते ठाऊक असे, ते ग्लास हातात घेऊन गप्प राहत. आपले सरदार लोक मात्र पहिल्या पहिल्यांदा भाग थांबला की हौसेनं टाळ्या वाजवीत, आणि मास्तरांच्या मानेची शीर फुगलेली अमीनला समोरून दिसे. ते नंतर म्हणत, बोलणाऱ्यानं श्वास घेतला की त्याचं तोंड धरायचं, तसं आहे हे. तसं ऐकत कुणीच नसे. काटे-चमचे वाजत, शर्यतीच्या घोड्यांच्या गोष्टी होत, कुणाची तरी मेम पंख्याआडून हसे. फक्त दुसऱ्या भागात कधी कधी हिरवळीवरचा आवाज आपोआप खाली येई, दिवा बारीक केल्यासारखा, आणि त्या शांततेत ते पाच सूर त्याच्या तोंडून निघत तेव्हा त्याला अंगावरचा कोट जाणवत नसे. एकदा त्यानं धीर करून विचारलं होतं, मास्तर, माझं कुणाला ऐकू येतं का? मास्तर क्लॅरोनेट पुसता पुसता म्हणाले, "फर्स्ट लोक ऐकतात, अमीन. सेकंड नसला की त्यांना चुकल्यासारखं वाटतं. काय चुकलं ते सांगता येत नाही, पण वाटतं."

हे त्याला पटलं होतं, कारण हे त्याला आधीच ठाऊक होतं. त्याची आई आणि शेजारची बाळाबाई पहाटे एका जात्यावर बसत. खुंटा एक, हात दोघींचे. बाळाबाई ओवीचा पुढचा पदर, म्हणजे पहिली ओळ, टाकायची, आई मागचा उचलायची. अमीन पोतं पांघरून भिंतीकडे तोंड करून ऐकायचा.

शेजीच्या गळ्याला माझा गळा ग लागला
दळण सरलं तरी हात खुंट्याशी जागला

पुढे बाळाबाई लेकाकडे कुरुंदवाडला राहायला गेली. आई एकटी दळू लागली. तिच्याजवळ सगळ्या ओव्यांचे मागचे पदरच होते. कधी कधी ती एवढंच म्हणायची, 'हात खुंट्याशी जागला', आणि पुढे नुसती घरघर.

दुसऱ्या दिवशी तो गणपतरावांच्या खोलीवर लवकर गेला. काही वर्षांमागे संस्थान विलीन झालं, दरबारचा बँड मोडला, आणि ज्याला ज्याला जमलं त्यानं त्यानं आपलं बघितलं. गणपतरावांनी लग्नाचा बँड काढला आणि जुन्यातल्या तिघाचौघांना बरोबर घेतलं, त्यात अमीन. शुक्रवार पेठेत एका तालमीशेजारी खोली होती. भिंतीला ढोल, खिळ्यांना लाल कोट, आणि तेलाचा, चामड्याचा वास. गणपतराव टोपीचा सुटलेला जरीचा धागा दातांनी तोडत बसले होते. अमीननं इकडचं तिकडचं काढलं, आणि मग, दुसरं काहीतरी शोधत असल्यासारखं ढोलाकडे बघत विचारलं, की त्या सिंफनीच्या दुसऱ्या भागात तुम्ही वर जाऊन थांबत होता आणि मग मी एकटा वाजवत होतो, ते आठवतं का.

"कुठली सिंफनी?"

"ती चार भागांची. मास्तर लई घासून घ्यायचे ती."

गणपतरावांनी तोंडातला धागा थुंकला. विचार केल्यासारखं केलं, पण मन टोपीतच होतं. "मी माझं वाजवत हुतो बाबा. तू काय वाजवत हुतास ते कुणाला ठावं. कशाला रं?" काही न्हाय, सहज, अमीन म्हणाला. आणि गणपतराव कामाचं बोलू लागले. ह्या वैशाखात लग्नं दाटून आलीत, नवीन सिनेमाची दोन गाणी बसवायची आहेत, आणि तू मेहरबानी करून खाली घसरू नको.

ही घसरण हेच त्याचं दुखणं होतं. लग्नाच्या बँडात फर्स्ट नाही, सेकंड नाही. सगळ्यांनी एकच गाणं वाजवायचं, ताकद लावून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. आयुष्यभर ज्याच्या वाट्याला गाणं आलं नाही त्याच्या हातात आता रोज गाणं होतं, आणि ते त्याला धरवत नव्हतं. पहिली ओळ तो सगळ्यांबरोबर धरायचा; दुसऱ्या ओळीला बोटं आपण होऊन दोन पायऱ्या खाली उतरायची, गाण्याच्या सावलीत जाऊन चालू लागायची. त्याला ते गोड लागायचं. पण इथं तो एकटाच खाली, बाकीचे सगळे वर, तुतारीवाल्यासकट. लोकांना ते बेसूर वाटायचं आणि त्यांचं चुकत नव्हतं. रेडिओ ऐकल्यापासून तर बोटांवर ताबाच राहिला नाही. मंगळवार पेठेतल्या परण्यात, नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला निघाला असताना, मुलीचा मामा बँडाच्या मधे घुसला आणि अमीनच्या छातीवर बोट ठेवून सगळ्यांदेखत म्हणाला, ह्या म्हाताऱ्याला आवरा, आमच्या लग्नात कुणी मेलं न्हाय. पोरं हसली. घोडाही मान हलवत होता. गणपतरावांनी मामाच्या पाठीवरून हात फिरवून त्याला बाजूला नेलं, आणि परत येऊन, गाणं चालू असतानाच, अमीनच्या कानाशी तोंड आणलं.

"तोंडाला नुसती लाव. बोटं हलीव. फुंकू नको."

संध्याकाळी खोलीवर तेच त्यांनी निवांत सांगितलं, आणि ते वाईट वाटून सांगत होते हे अमीनला दिसत होतं, म्हणून त्याला भांडताही आलं नाही. लोक बँड ठरवताना कोट मोजतात. लाल कोट एक कमी दिसला तर चालत नाही. तेव्हा अमीननं कोट घालायचा, क्लॅरोनेट धरायची, ओळीत चालायचं. "बसून खा असं म्हणत न्हाय मी तुला. चालायचंच हाय की." अमीन हो म्हणाला.  क्लॅरोनेट गणपतरावांची, कोट गणपतरावांचा, आणि घरात बायकोच्या, ताजबीच्या, गुडघ्यांचं औषध चालू.

त्या दिवशी घरी त्यानं क्लॅरोनेट पेटीतून काढली. ताजबी चुलीपुढे भाकरी थापत होती. त्यानं दुसरा भाग वाजवला, आपला, खालचा, पहिल्यापासून. एक सूर लांबवर, मग थांबणं, मग तोच सूर, मग अर्धी पायरी खाली, पुन्हा थांबणं. त्याच्या कानात वरचं गाणं भरून वाहत होतं आणि तो त्याच्या काठाकाठानं चालला होता. बराच वेळ झाला. ताजबीनं भाकरी उलटली, तव्याची कड पदरानं पुसली आणि मान न वळवता अगदी अदबीनं विचारलं, "अजी, गाना कब शुरू होता?"

 त्यानं मुख सोडलं. मुखाला बांधलेली वेताची पातळ पत्ती ओली होती. हीच थरथरते म्हणून सूर निघतो, ही नसेल तर क्लॅरोनेट म्हणजे भोकं पाडलेलं लाकूड. त्याला स्वतःचा भरवसा उरला नव्हता. फुंकू नको म्हटलं तरी ऐन वरातीत श्वास जाईल, बोटं खाली उतरतील, पुन्हा कुणीतरी छातीवर बोट ठेवील. त्यानं बांध सोडून पत्ती काढली, सदऱ्याला पुसली आणि ताजबीच्या पानाच्या डब्यात सुपारीशेजारी ठेवली. ही आता तुझ्याकडे, म्हणाला. मी मागितली तरी देऊ नको. ताजबीला ते कळलं की नाही कोण जाणे, पण तिनं डब्याचं झाकण लावलं आणि डबा मांडीखाली घेतला.

मग तो वैशाखभर असाच चालला. आधी लाज वाटली, मग सवय झाली. ही सवय झालेली पाहून जी वाटली ती लाज वेगळी होती. फुंकायचं नसल्यामुळे बोटं मोकळी झाली. वर सिनेमातलं गाणं कोकलत असे आणि त्याची बोटं निवांतपणे दुसरा भाग वाजवीत, पहिल्या सुरापासून. मुक्या क्लॅरोनेटमधून गरम हवेचा एक धागा तेवढा येई, त्याच्याच हातावर. कुणाच्या लक्षात आलं नाही. एका लग्नात तर एका बाईनं त्याच्याकडे बोट दाखवून शेजारणीला सांगितलं की हा म्हातारा बघ कसा जीव ओतून वाजवतोय. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

नृसिंहरावांच्या नातीचं लग्न रंकाळ्याकडच्या त्यांच्या बंगल्यात होतं. नृसिंहराव संस्थानाच्या वेळचे मोठे अधिकारी, आता ऐंशीला टेकलेले. निघायच्या वेळी दारात कोटाची बटणं लावता लावता अमीन घुटमळला. काय झालं म्हणून ताजबीनं वर पाहिलं. तो म्हणाला, डबा दे जरा. कशाला? पान. तिनं पान लावून हातावर ठेवलं. त्यानं हात तसाच पुढे धरला. ताजबीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि डब्याच्या झाकणावर पंजा ठेवला, दिलेला शब्द पाळावा तसा. तिचं खरं होतं. तो पान तोंडात घालून निघाला आणि कोपऱ्यावर थुंकून टाकलं.

मांडवात बँड उभा राहिला तेव्हा ऊन उतरलं होतं, तळ्यावरून वारा येत होता. अक्षता पडून गेल्या, जेवणाच्या पंगतींची गडबड उडाली. पहिल्या ओळीत वेताच्या खुर्चीवर नृसिंहराव बसले होते, काठीवर हनुवटी टेकून. त्यांनी कुणाला तरी पाठवून गणपतरावांना जवळ बोलावलं. काय बोलणं झालं ते अमीनला ऐकू आलं नाही. गणपतराव परतले तेव्हा त्यांचा चेहरा मात्र बदलला होता, अंघोळ करून आल्यासारखा. त्यांनी बाकीच्यांना थांबा म्हणून खूण केली. "म्हातारा म्हणतोय, राजवाड्याच्या हिरवळीवर वाजवायचा ते वाजवा. सगळं इसरलो रं मी. बघू, बोटं काय म्हणत्यात." आणि डोळे मिटून त्यांनी सुरू केलं.

दुसरा भाग. पहिल्या सुराला अमीननं क्लॅरोनेट उचलली. बोटं आपल्या जागी जाऊन बसली, ओठांनी मुख धरलं, अंगठा बुटात दाबला गेला. गणपतराव एकटे वाजवत होते; कित्येक वर्षांत ते असं हळू वाजवताना कुणी ऐकलं नव्हतं, आणि मांडवातला आवाज खाली येत गेला. वाढप्याची बादली थांबली. अमीन खालून चालत होता, मुका, एकेक सूर बरोबर. गाणं चढू लागलं. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आता ते कळेल. आता ह्या क्षणी कळेल. जागा नुसती आपल्याच डोक्यात असेल, तर गणपतराव सरळ पुढे जातील. त्यांना आठवत नाही, ते त्यांचं वाजवत होते. जाऊ दे पुढे, त्याला वाटलं. या खुदा, जाऊ दे सरळ पुढे.

गाणं वर गेलं आणि थांबलं.

गणपतरावांनी डोळे उघडले. त्यांना स्वतःला कळलं नव्हतं आपण का थांबलो. त्यांच्या छातीला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. आणि मान, जुन्या सवयीनं, हळूच डावीकडे वळली. अमीनकडे. क्लॅरोनेटचं टोक किंचित खाली झुकलं, घे, म्हणून.

होती. जागा होती. मांडवाच्या मधोमध ती उघडी पडली होती, माणूस मावेल एवढी. अमीननं छातीभर श्वास घेतला आणि आत फुंकला. चुलीवर फुंकर घालावी तसा आवाज झाला, तोही त्यालाच ऐकू आला. बोटं उतरली, एक, दोन. नृसिंहरावांनी काठीवरची हनुवटी उचलली, त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. त्यांचा एक हात खांद्याच्या उंचीवर आला, थांबा म्हणत असल्यासारखा. पण कुणीतरी मागे म्हणालं, झालं वाटतं, आणि टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. मांडवभर टाळ्या झाल्या, मनापासूनच्या, बायकापोरांच्या, आणि त्या टाळ्यांच्या खाली अमीनची बोटं उतरत राहिली, तीन, चार. दुसरा श्वास त्यानं घेतला होता तो तसाच छातीत राहिला. गणपतराव त्याच्या मुखाकडे बघत होते, जिथे पत्ती असते तिथे. 

"दुसरं व्हऊ द्या की आता," कुणीतरी ओरडलं, "लग्नातलं."

गणपतरावांनी मान सरळ केली. तुतारीवाल्याला खूण केली. आणि सगळ्यांनी मिळून, ताकद लावून, एकच गाणं सुरू केलं. अमीनचं बोट पाचव्या सुरावर टेकलं होतं; ते त्यानं अजून उचललं नव्हतं.